रिकाम्या टाकीची ऊब

त्या यंत्राचं खरं नाव 'धुराडे-कार्बन मापक, श्रेणी दोन' असं काहीतरी लांबलचक होतं. पण 'शाल्मली' जहाजावर त्याला सगळे नणंदबाई म्हणायचे. नाव ठेवलं होतं भास्करने, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाक्याने. "दिवसभर चुलीपाशी उभी राहायची, कोण किती तेल ओततंय ते बघायचं आणि मिनिटामिनिटाला वर कळवायचं. नणंद नाही तर काय?" असं त्याचं म्हणणं. मला तीन नणंदा आहेत आणि तिघी चांगल्या आहेत, हे आधी सांगून टाकते. नाहीतर ही गोष्ट वाचून आमच्या पालशेतला महाभारत व्हायचं. पण नाव बसलं होतं खरं.

मी नूतन आरेकर. गुहागरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, गेल्या वर्षी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. माझा नवरा उमाकांत 'शाल्मली'वर चीफ इंजिनियर, जहाजावरच्या भाषेत 'बडा साब'. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते आणि बाहेर 'आरेकर'. स्टाफरूमची सवय, जाता जात नाही. इतकी वर्षं त्यांचं अर्धं आयुष्य पाण्यावर आणि माझं सगळं फळ्यापाशी गेलं. म्हणून या वेळी मी हट्टच धरला की एक सफर तुमच्याबरोबर करणार. मोंबासाला जहाजावर चढले. जहाजात सोडा ॲश भरली होती, ती जयगड बंदरात उतरवायची, आणि तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडली की आमचं घर. म्हटलं, नवरा सामानासकट घरपोच आणते.

पण चढल्या चढल्या कळलं की इथे माझी सवत आधीच नांदते आहे. सवत म्हणजे ती नव्हे, सवत म्हणजे आकडा.

आता थोडं शिकवते, रागावू नका. एक टन माल एक सागरी मैल नेताना जहाज किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतं, तो हा आकडा. हिशेब सातवीतल्या मुलाला जमेल असा आहे. एक टन तेल जळलं की तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, बाई, एकाचे तीन कसे होतील? अरे, तेलातला कार्बन हवेतला ऑक्सिजन सोबत घेतो, त्याचं वजन धरायला नको का? तर या कार्बनला मालाच्या वजनाने भागायचं आणि कापलेल्या अंतराने भागायचं. आकडा जितका लहान तितकं जहाज गुणी. सगळ्या जगातल्या जहाजांची अशी तुलना होते आणि वर्षाच्या शेवटी ए ते ई अशी श्रेणी मिळते.

पूर्वी या हिशेबात दोन ठिकाणी गोम होती. पहिली म्हणजे, प्रत्यक्ष किती माल नेला ते न धरता किती मावतो तेवढा धरायचे. रिकाम्या एसटीत पन्नास प्रवासी आहेत असं समजायचं, तसलाच प्रकार. ते आता बदललंय, जहाज पाण्यात किती बुडालंय त्यावरून खरं वजन काढतात. दुसरी गोम अशी की किती तेल जाळलं ते जहाजानेच सांगायचं. बडा साब रोज दुपारी बारा वाजता रिपोर्ट पाठवणार, आज इतके मैल, इतकं तेल. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की झालं.

नणंदबाई आल्या त्या यासाठी. धुराड्याच्या एका बाजूने इन्फ्रारेड किरण सोडतात, दुसऱ्या बाजूला पकडतात. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण कार्बन डायऑक्साइडला तो बरोबर दिसतो आणि त्यातला ठराविक भाग तो गिळतो. किती गिळला यावरून वायू किती ते कळतं, धुराच्या वेगाने गुणलं की मिनिटाचा हिशेब तयार. तो उपग्रहामार्फत थेट मुंबईच्या तुलना केंद्रात जातो. पहिल्या बारा जहाजांवर चाचणी म्हणून हे यंत्र बसवलं, त्यांत शाल्मली होती. वर्षभर ते मुकाट्याने मोजत राहिलं. बडा साबांचे रिपोर्टही नेहमीसारखे जात राहिले. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून कोणी बघितलं नव्हतं.

शाल्मली म्हातारी झाली होती. सलग दोन वर्षं ई श्रेणी मिळालेली. तिसऱ्यांदा ई आली की नियमाने थेट भंगारात. आरेकरांनी मोंबासाला पाणबुडे उतरवून जहाजाचं बूड घासून घेतलं होतं, कारण बुडाला शिंपल्यांचा थर चढला की जहाज पाण्याला अडतं आणि तेल जास्त लागतं. वेग कमी केला होता. माझ्या केबिनमधला एसीसुद्धा दुपारी दोन तास बंद!

"अहो, मी उकडून मरेन," मी म्हटलं.

"दोन तासांनी कोणी मरत नाही. ही मात्र मरेल," ते म्हणाले आणि भिंतीवर हात ठेवला. पोलादी भिंत होती, पण हात गायीच्या पाठीवर ठेवावा तसा ठेवला. मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट जरा हेवाच वाटला.

निम्मी वाट सरली असेल, तेव्हा केतकीचा फोन आला. केतकी आमची एकुलती एक मुलगी, आणि नोकरी कुठे करते म्हणाल तर त्याच तुलना केंद्रात. बापाच्या पावलावर पाऊल टाकून जहाजांच्या मागे लागली, फक्त बाप तेल जाळतो आणि ही धूर मोजते. आम्ही दोघं केबिनमध्ये चहा घेत होतो. मी टॅबलेट टेबलावर उभा केला. तिचा चेहरा ओढलेला होता.

"आई, तूही थांब," ती म्हणाली. "बाबा, आम्ही यंत्राचे आकडे आणि तुमचे दुपारचे रिपोर्ट पहिल्यांदाच जुळवून पाहिले. शाल्मलीच्या धुराड्यातून जेवढा कार्बन गेलाय, तेवढ्यासाठी लागेल त्याहून साठेक टन जास्त तेल जाळलं असं तुम्ही लिहिलंय."

"बरं," आरेकर म्हणाले.

"बरं काय बाबा? ते तेल जळलेलं नाही. मग गेलं कुठे?"

आरेकर चहात बघत राहिले.

"बाबा, बारापैकी दोन जहाजांवर खरंच चोरी निघाली आहे. नांगर टाकला की बाजूला बार्ज, म्हणजे तेल नेणारी मोठी होडी, येऊन लागायचा आणि तेल परस्पर जायचं. हे प्रकरण माझ्याकडून काढून घेतलंय, घ्यायलाच हवं होतं. पण एक फोन करू द्या म्हणून मी साहेबांच्या हातापाया पडले. मला खरं सांगा. कोणाला विकलं?"

आरेकरांनी कप खाली ठेवला, अगदी हळू.

"मोजायचं काम तुझं ना? मग मोज," ते म्हणाले, आणि उठून निघून गेले.

केतकी रडायला लागली. "आई, मी काय चुकीचं विचारलं गं? माझ्यापुढे आकडे आहेत!" मग डोळे पुसून तिने नियम सांगितला, मला म्हणजे पर्यायाने बापाला. दोन आकड्यांत फरक असेल तर मोठा आकडा धरायचा. मोठा आकडा धरला की शाल्मली केसाने ई मध्ये जाते. धुराड्याचा आकडा धरला तर केसाने डी मध्ये राहते. पण तो कधी धरतात? उरलेलं तेल जहाजावरच आहे असं दिसलं तर. आणि तेही जहाज बंदराच्या हद्दीत शिरायच्या आधी बडा साबने स्वतः जाहीर केलं असेल तरच. न सांगता सापडलं तर तेही चोरीचंच समजतात.

"पण जहाजावर असतं तर ते बोलले असते ना आई," ती म्हणाली.

त्या दिवशी आरेकर जेवायला आले नाहीत. माझ्या समोर कॅप्टन तुस्कानो बसले होते, वसईचे, सदा हसतमुख माणूस. आज भात नुसता चिवडत होते. त्यांनाही केंद्राचा मेल आला होता.

"वहिनी, बडा साब चोर नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहे," ते म्हणाले. "पण विचारणार ना, तेल कुठे आहे? ते मला तरी कुठे माहीत आहे?"

"तुम्ही कॅप्टन ना हो? तुम्हाला माहीत नाही?"

"तेल बडा साबचं राज्य. कॅप्टन तिथे पाहुणा," ते म्हणाले. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं मला कळलं. भास्करने बडा साबांसाठी वाढलेलं ताट झाकून ठेवलं होतं, तेही कोणी नेलं नाही. खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं नवरा वर्षातले आठ महिने डोळ्याआड. किती ओळखते मी त्याला? मग स्वतःचीच लाज वाटली आणि त्या लाजेचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी आणि चटणी डब्यात भरून मीच इंजिनरूममध्ये उतरले. उपाशी राहून कोणाचं भलं झालंय? खाली कानठळ्या बसवणारा आवाज. सेकंड इंजिनियर इरफान मुकादम पुढे आला. दाभोळचा मुलगा, चांगल्या घरचा. कानावर लावायला मफ दिले आणि ओरडून म्हणाला, "काकी, सांभाळून, पायऱ्या तेलकट आहेत!"

सांभाळून म्हटलं की मी हमखास घसरते. घसरले, आणि आधारासाठी बाजूच्या टाकीच्या भिंतीवर हात टेकवला. झटकन मागे घेतला. चांगली तापलेली होती, भाताच्या कुकरसारखी. वर बघितलं तर पाटी, 'ओव्हरफ्लो टाकी', आणि खाली खडूने इंग्रजीत लिहिलेलं, एम्प्टी. रिकामी.

"इरफान, ही गरम कशी रे?"

"काकी, इंजिनरूममध्ये सगळंच गरम असतं," तो म्हणाला. पण बोलताना माझ्याकडे न बघता पाना पुसत होता.

मी शेजारच्या टाकीला हात लावून पाहिला. थंडगार. शाल्मलीचं इंजिन जुनं, ते जड तेलावर चालायचं. हे तेल थंड झालं की डांबरासारखं घट्ट बसतं, पंपाने ओढलं जात नाही. म्हणून तेलाच्या टाक्यांमध्ये वाफेच्या नळ्या फिरवून ते कायम ऊबदार ठेवावं लागतं. हे मला आरेकरांनीच लग्नानंतरच्या पहिल्या पत्रात लिहिलं होतं. बायकोला लिहायचं पहिलं पत्र, आणि त्यात जड तेलाचा चिकटपणा! तर आता मला सांगा, रिकाम्या टाकीला वाफ कोण कशाला देईल?

मी तिथेच पायरीवर बसले आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. मी भाताला तांदूळ घेते, तेव्हा मापातून एक मूठ काढून मागच्या वेगळ्या डब्यात टाकते. आई टाकायची म्हणून मीही टाकते. त्या डब्याबद्दल कोणाला सांगायचं नसतं. सांगितलं की त्यात हात जातो, आणि मग तो राखीव राहत नाही. साठ टन तेल कुठे गेलं ते मला त्या क्षणी कळलं. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ असा संताप आला की म्हटलं, थांबा आता आरेकर.

संध्याकाळी ते जहाजाच्या मागच्या टोकाला रेलिंगला टेकून उभे होते. समुद्र अगदी शांत होता आणि मागे पाण्यावर आमची पांढरी वाट लांबवर दिसत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"ओव्हरफ्लो टाकी गरम आहे," मी म्हटलं.

ते दचकले नाहीत. म्हणाले, "तुला इंजिनरूममध्ये पाठवलं कोणी?"

"तुमच्या भाकरीने. आता सांगा."

मग त्यांनी सांगितलं. ते थर्ड इंजिनियर होते, पोरसवदा, तेव्हाची गोष्ट. ऑफिसने हिशेब करून मोजकं तेल दिलेलं. आफ्रिकेच्या खालच्या टोकाला समोरून वादळ लागलं. इंजिन दिवसरात्र पुरी ताकद लावतंय आणि जहाज जागचं हलत नाही. टाक्या तळाला गेल्या. इंजिन थांबलं असतं तर जहाज लाटांना आडवं झालं असतं आणि मग संपलंच. तेव्हा मुरुडचे दळवी म्हणून बडा साब होते. त्यांनी एक शब्द न बोलता एका रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. तिच्यात तेल होतं.

"तेव्हापासून मीही ठेवतो. सगळेच ठेवतात गं," आरेकर म्हणाले. "चांगल्या हवेत रोज थोडं जास्त लिहायचं. वाईट हवेत तेच वापरायचं. चार्ज देताना नवीन बडा साबच्या कानात आकडा सांगायचा. ऑफिसला सांगितलं की ते पुढच्या वेळी तेवढं कमी भरणार. म्हणून कागदावर आणायचं नाही, कॅप्टनलाही सांगायचं नाही. या जहाजावर मला ही शिल्लक आयती मिळाली नव्हती, आधीच्याने वादळात संपवली होती. मी पहिल्यापासून साठवली."

"आणि ते साठवलेलं तेल जळलं म्हणून लिहिलंत, म्हणून शाल्मली भंगारात चालली आहे. हे कळतंय का तुम्हाला?"

"कालपासून दुसरं काही कळत नाहीये," ते म्हणाले. "मी एसी बंद करत हिंडतोय, आणि हिला मारणारा मीच."

"मग जाहीर करा!"

"वर्षभर खोटे रिपोर्ट दिले असं लिहून द्यावं लागेल. लायसन्स निलंबित होईल. कंपनीचं शिडांवर चालणारं नवीन जहाज मला देणार होते, ते गेलं. या वयात दोन-तीन वर्षं घरी बसलं की परत कोण बोलावतंय? समुद्र सुटेल, नूतन." मग म्हणाले, "आणि ते सगळं एका बाजूला. ती मला विचारते, कोणाला विकलं. माझी पोर."

खरी जखम तिथे होती. मला फार वाईट वाटलं, पण गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही.

"तिने विचारलं, कारण तिला दोनच कारणं माहीत आहेत. तेल एक तर जळतं नाहीतर विकलं जातं. तिसरं कारण असतं हे तिला सांगितलंय कोणी? मला सांगितलंत? जन्मभर तोंडात मूग धरून बसायचं आणि मग वर रुसायचं की माझ्या मनातलं कोणाला कळत नाही! ती धूर मोजते आरेकर, मन नाही मोजत."

त्यांनी रेलिंगवरचा गंज नखाने खरवडला.

"माझाही एक डबा आहे घरी, तांदळाचा," मी म्हटलं.

"माहीत आहे. डाळीच्या डब्याच्या मागे."

मी उडालेच. "कधीपासून माहीत आहे?"

"चक्रीवादळाच्या वर्षी आठवडाभर रस्ते बंद होते. दुकानं बंद, लाइट नाही. शेजारची चार घरं आपल्याकडे जेवत होती. तांदूळ संपेचना. तेव्हा बघितलं."

"आणि तुम्हाला कधी असं वाटलं का, की नूतन तांदूळ विकते?"

आधी त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मग ओठ हलले, आणि मग ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. मी पदर पुढे केला नाही, रुमाल होता त्यांच्याकडे. अंधार पडायच्या आत ते वर ब्रिजवर गेले, कॅप्टनकडे.

त्यांनी आपल्यापुरतं लिहून दिलं. तेल इतकं, अमुक टाकीत, माझ्या सांगण्यावरून ठेवलं, बाकी कोणाला माहीत नव्हतं. इरफान पुढे येऊन म्हणाला की मलाही माहीत होतं, वाफेचा व्हॉल्व्ह मीच उघडायचो. आरेकरांनी त्याला असा काही दम दिला की पोरगा आल्या पावली मागे फिरला. दळवींचं नाव नाही, आधीच्या कोणाचं नाव नाही. संदेश गेला तेव्हा जयगड अजून क्षितिजावर दिसतही नव्हतं.

बंदरात अधिकारी आले, त्यांनी टाकीत मोजपट्टी सोडली. वर आली ती काळीकुट्ट, ओली. धुराड्याचा आकडा आणि टाकीतलं तेल जुळलं. शाल्मली डी श्रेणीत राहिली, केसाने का होईना. भास्करने कोणाला न विचारता शिरा केला आणि नणंदबाईंच्या नावाने एक वाटी धुराड्याच्या दाराशी ठेवून आला. आरेकरांचं लायसन्स दोन वर्षांसाठी निलंबित झालं. उतरताना एकेक जण येऊन त्यांचा हात हातात धरून उभा राहत होता.

जहाजाचा चार्ज इरफानला मिळाला. चाव्या घेताना सवयीने त्याने कान पुढे केला. आरेकरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता कानात सांगण्यासारखं काही नाही रे," ते म्हणाले. इरफानचा चेहरा उतरला. आरेकरही मग थोडा वेळ रिकाम्या टाकीकडे बघत राहिले, तेल हिशेबाच्या टाकीत काढून घेतलं होतं, या वेळी ती खरोखरच रिकामी होती. पुढचं वादळ आलं तर काय, हे दोघांच्याही मनात होतं. मला ते स्पष्ट दिसत होतं.

केतकीला जहाजावर यायची मनाई होती. ती बंदराच्या फाटकाबाहेर उन्हात उभी होती, किती वेळची कोण जाणे, चेहरा लालबुंद. बाप समोर येताच तिने मान खाली घातली.

"बाबा, मला सांगायचं होतं ना. फोनवर एका शब्दाने सांगितलं असतं तर..."

"तू विचारलंस कुठे?" आरेकर म्हणाले. रागाने नाही, साधंच. "तू विचारलंस, कोणाला विकलं."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. बापाने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. "चल. आईला भूक लागली असेल, मग ती आपल्या दोघांना खाईल."

फेरीबोट खाडीच्या मध्यावर आल्यावर आरेकर बोटीच्या काळ्या धुराकडे बघत म्हणाले, "हिचा आकडा किती असेल गं?"

"बाबा!" केतकी म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून हमसून हमसून रडली. मी समुद्राकडे बघत राहिले. कधीकधी मलाही गप्प बसता येतं.

त्यानंतरचे महिने आरेकर पालशेतच्या बंदरावर मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करत होते. सकाळी उठले की आधी फोनवर शाल्मलीचा ठिपका बघायचे, मग दात घासायचे. केतकी केंद्रात भांडत होती. दुपारच्या रिपोर्टमध्ये एक नवीन रकाना हवा, 'राखीव', म्हणजे जळलेलं नाही आणि विकलेलंही नाही असं तेल उघडपणे लिहिता येईल, आणि ऑफिसला ते कापता येणार नाही. तिच्या साहेबांना पटेना. मग तिने बापाला फोनवर बसवलं आणि आफ्रिकेच्या टोकाचं वादळ त्यांना पुन्हा सांगायला लावलं. सांगताना ते अडखळत होते, पण सांगितलं. पावसाळ्याआधी रकाना आला. इरफानने पहिला आकडा भरला त्या दिवशी आरेकरांनी दोनदा चहा मागितला.

या मे महिन्यात केतकी सुट्टीला घरी आली. एव्हाना मोजणी समुद्रावरून स्वयंपाकघरात पोचली होती. नवीन योजनेत प्रत्येक घराला एक मापक मिळालंय. फळीखाली वजनकाटा, गॅसला मीटर, आणि घराने महिन्यात किती कार्बन खर्च केला त्याची शेजारपाजाऱ्यांशी तुलना. मी त्याच्याशी अजून नीट बोलत नाही. त्या दिवशी मी फोडणी घालत होते, तेवढ्यात माझ्या फोनवर संदेश वाजला. केतकीने उचलला आणि मोठ्याने वाचला.

"तांदूळ. खरेदी आणि वापर यांत फरक आढळला. कारण निवडा. वाया गेला, कोणाला दिला, विकला."

ओटीवर आरेकर होडीच्या इंजिनाचा कसलासा भाग तेलाने पुसत बसले होते. त्यांचा हात थांबला. मीही झारा हातात धरून तशीच उभी.

केतकीने ती तीन कारणं पुन्हा एकदा वाचली, या वेळी मनातल्या मनात. कशावरच बोट ठेवलं नाही. फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आई, कुठे ठेवलायस?"

मी डाळीच्या डब्याच्या मागे बोट दाखवलं. तिने हात घालून डबा काढला, झाकण उघडलं आणि आत मूठ घातली. डबा गळ्यापर्यंत भरलेला होता.

"आता हिचंही लायसन्स जाणार," ओटीवरून आरेकर म्हणाले.

"नाही जाणार. चौथं कारण घालायला सांगते त्यांना," केतकी म्हणाली, आणि मुठीतले तांदूळ परत डब्यात सोडले.